भिंतीआडची साथ : वॉर्सा, १९४१

सन १९४१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस पोलंडमधील वॉर्सा शहराच्या बंदिस्त ज्यू वस्तीत टायफस रोगाची साथ ओसरू लागली. साथ म्हटली की ती कधी तरी ओसरायचीच, त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु टायफस हा थंडीतला रोग आहे. शरद ऋतूत तो डोके वर काढतो, भर हिवाळ्यात कळस गाठतो आणि उन्हाळा आला की मंदावतो. वॉर्सात ऑक्टोबरअखेर म्हणजे थंडीचे दिवस. वस्तीत चार लाखांहून अधिक माणसे कोंबलेली. अन्न नाही, कोळसा नाही, साबण नाही. रोगावरचे नेमके औषध तर त्या काळी जगात कुठेच नव्हते. अशा वेळी साथ भडकायला हवी होती. ती उलट उतरली. या वस्तीत राहून तिचा इतिहास टिपून ठेवणारे इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांनी नोव्हेंबरमध्ये नोंद केली की, औषधविक्रेते आणि डॉक्टर दोघेही रुग्णसंख्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचे सांगत आहेत, आणि तीही नेमकी ज्या ऋतूत ती वाढायची त्या ऋतूत.

हे का घडले? या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी रोगाची ओळख करून घेऊ, कारण उत्तराचा बराचसा भाग त्या रोगाच्या जीवनक्रमातच दडलेला आहे.

टायफस म्हणजे टायफॉईड नव्हे. आपल्याकडे टायफॉईड किंवा विषमज्वर सर्वांना परिचित आहे. तो दूषित पाण्यातून व अन्नातून होतो आणि त्याचे जंतू आतड्यात घर करतात. दोन्ही नावे एकाच ग्रीक शब्दापासून आली. त्या शब्दाचा अर्थ धूर किंवा धुके. दोन्ही रोगांत रुग्णाची शुद्ध धुकट होते, तो बरळू लागतो, म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकापर्यंत डॉक्टरांनाही हे दोन रोग वेगळे असल्याचे नीट उमगले नव्हते. टायफसमध्ये एकाएकी थंडी वाजून ताप चढतो, तो चाळीस अंश सेल्सिअसपर्यंत जातो, डोके फुटेल असे दुखते आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास छाती-पोटावर लालसर पुरळ उठते. औषध न मिळाल्यास दर शंभर रुग्णांपैकी दहापासून चाळीसपर्यंत दगावतात. मुलांत रोग सौम्य असतो; वयाबरोबर धोका वाढत जातो.

याचा जंतू माणसाकडून माणसाकडे जातो तो अंगावरच्या उवेमार्फत. ही गोष्ट प्रथम सिद्ध केली शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १९०९ साली, ट्युनिस येथे. निकोलची मूळ शंका अगदी साध्या निरीक्षणातून आली. ट्युनिसच्या रुग्णालयात येईपर्यंत टायफसचा रोगी वाटेत भेटेल त्याला रोग देत असे. दाखल करून घेणारे कर्मचारी आजारी पडत, रोग्यांचे कपडे हाताळणारे आजारी पडत. परंतु एकदा रोग्याला आंघोळ घालून रुग्णालयाचे कपडे दिले आणि आतल्या खोलीत नेले की शेजारच्या खाटेवरच्यालाही बाधा होत नसे. म्हणजे रोग पसरवणारी वस्तू दारातच, रोग्याच्या उतरवलेल्या कपड्यांबरोबर मागे राहत होती. ती वस्तू ऊच असणार, हे त्याने पुढे माकडांवरील प्रयोगांनी दाखवले. १९२८ चे नोबेल पारितोषिक त्याला याबद्दल मिळाले. निरीक्षणातून अनुमान आणि अनुमानातून प्रयोग हा क्रम मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रत्यक्ष जंतू शोधणाऱ्यांना मात्र मोठी किंमत मोजावी लागली. अमेरिकेचे रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसवर काम करताना टायफसनेच वारले. प्रोवाझेक १९१५ मध्ये एका युद्धकैद्यांच्या छावणीत तसेच गेले. त्यांचे सहकारी दा रोशा लिमा यांनी १९१६ मध्ये जंतूला रिकेट्सिया प्रोवाझेकी असे नाव देऊन दोघांची स्मृती जपली.

ऊ, शिवण आणि युद्ध

अंगावरची ऊ ही डोक्यातल्या उवेची जवळची बहीण. पण तिचा मुक्काम अंगावर नसून कपड्यांत असतो. शिवणी, नेफा, काखेतली चुणी अशा उबदार जागी ती राहते, तिथेच लिखा घालते आणि दिवसातून अनेकदा अंगावर येऊन रक्त पिते. टायफसच्या रोग्याचे रक्त प्यायल्यावर जंतू तिच्या आतड्यातील पेशींत वाढतात, त्या पेशी फुटतात आणि जंतू तिच्या विष्ठेत उतरतात. रोग होतो तो चाव्यामुळे नव्हे. माणूस खाजवतो आणि ती विष्ठा ओरखड्यांत चोळली जाते, त्यामुळे होतो. गंमत अशी की (गंमत म्हणवत नाही खरे तर) टायफस उवेलाही मारतो. बाधा झालेली ऊ साधारण दोन आठवड्यांत मरते आणि आपल्या पिलांना तो जंतू देत नाही. म्हणजे साथ चालू राहायची तर मरण्यापूर्वी उवेला नवा माणूस गाठता आला पाहिजे.

तो गाठायला रोगच तिला मदत करतो. उवेला माणसाच्या अंगाची नेहमीची ऊब मानवते. रोग्याला ताप भरला की ती बेचैन होते आणि शेजारच्या अंगावर जाते. रोगी मेला, शरीर गार पडले, की तेव्हाही जाते. शेजारी कोणी नसेल तर तिची उपासमार होऊन ती काही दिवसांत मरते. शेजारी चिकटून झोपलेला असेल तर तिला काहीच अडचण नाही.

एवढे लक्षात घेतले की टायफस हा युद्धाचा, तुरुंगाचा आणि निर्वासितांचा रोग का, हे वेगळे सांगावे लागत नाही. जिथे माणसांना कपडे बदलता येत नाहीत, धुवायला गरम पाणी नाही आणि एका पांघरुणात तिघे झोपतात, तिथे हा रोग येतो. पहिल्या महायुद्धात सर्बिया या छोट्या देशात १९१४-१५ च्या हिवाळ्यात दीड लाखाहून अधिक माणसे त्याने नेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सोव्हिएत रशियातून सुटलेले पोलिश निर्वासित कास्पियन समुद्राकाठच्या पहलवी बंदरावर इराणात उतरले, तेव्हा त्यांच्यातही टायफस होता. तिथे त्यांचे केस कापले, अंगावरचे कपडे जाळले, आंघोळी घालून नवे कपडे दिले, तरीही बरेच जण तिथेच दफन झाले. वाचलेल्यांपैकी काही हजार पुढे कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत १९४३ पासून युद्ध संपल्यानंतरही काही काळ राहिले. कोल्हापूरकरांना ती वसाहत आठवते. तिथवर पोहोचण्याआधी त्या लोकांना कशातून जावे लागले, हे फारसे सांगितले जात नाही.

येथे शिक्षकांसाठी एक खुलासा. शाळेत मुलींच्या डोक्यांत सापडणाऱ्या उवा हा त्रास आहे, पण टायफसच्या साथी त्यांच्यामुळे येत नाहीत. साथ पसरवते ती कपड्यांतली ऊ.

भिंत

जर्मनीने सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंड जिंकला. त्याच शरद ऋतूत वॉर्साच्या ज्यू मोहल्ल्यांच्या तोंडाशी 'साथीचा भाग, प्रवेश बंद' अशा अर्थाच्या पाट्या लागल्या. वर्षभराने, १६ नोव्हेंबर १९४० रोजी, सुमारे तीन मीटर उंच भिंतीने ही वस्ती बाहेरच्या जगापासून तोडली गेली. कारण सांगितले गेले ते रोगप्रतिबंधाचे : ज्यू लोक टायफस पसरवतात, म्हणून त्यांना वेगळे ठेवायचे. रस्त्यांवर ज्यू, उवा आणि टायफस हे तिन्ही शब्द एका ओळीत बसवलेली भित्तिपत्रके झळकत होती.

आता वरची माहिती हाताशी धरून या उपायाकडे पाहा. शहराच्या सुमारे तीस टक्के लोकसंख्येला अडीच टक्क्यांहून कमी जागेत, म्हणजे साडेतीन चौरस किलोमीटरहूनही थोड्या जागेत कोंबले. एका खोलीत सरासरी सात किंवा अधिक माणसे. शिधापत्रिकेवर मिळणारे अन्न दिवसाला जेमतेम दोनशे कॅलरींच्या आसपास. बाकीचे चोरट्या मार्गाने भिंतीखालून, बऱ्याचदा लहान मुलांच्या हातून आत यायचे. १९४१ च्या पहिल्या तीन महिन्यांत आसपासच्या गावांतून आणखी पन्नास हजारांहून अधिक ज्यूंना हाकलून याच भिंतीआड आणले. त्यांच्याजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हते, राहायला नातलगांची घरे नव्हती. रिकाम्या शाळांत आणि प्रार्थनामंदिरांत त्यांना ठेवले. भुकेला माणूस आधी काय विकतो? अंथरूण आणि अंगावरचा जास्तीचा कपडा. मग बदलायला दुसरा जोड उरत नाही, आणि उवेला हवे असते ते एवढेच. टायफसची भीती दाखवून बांधलेल्या भिंतीने टायफसला लागणारी एकेक गोष्ट पुरवली. वस्तीतले डॉक्टर हे पुरते जाणून होते.

त्यांत सर्वांत नामवंत होते लुडविक हिर्शफेल्ड. माणसाचे रक्तगट आईवडिलांकडून कोणत्या नियमाने येतात, हे १९१० च्या सुमारास दाखवणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांपैकी ते एक. ए, बी, एबी, ओ ही आज सर्वत्र रूढ असलेली नावेही त्यांचीच. पहिल्या महायुद्धात सर्बियातली टायफसची साथ ऐकून ते आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी हान्ना तिथे आपण होऊन गेले. पुढे ग्रीसमधील सालोनिका आघाडीवर त्यांनी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यांत ब्रिटिश फौजेतले भारतीय जवानही होते. भारतीयांत बी गटाचे प्रमाण जास्त असल्याचे १९१९ मध्ये प्रथम या दांपत्यानेच दाखवून दिले. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मनांनी त्यांनाही भिंतीआड पाठवले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या रोगाशी झुंजले होते, तोच समोर उभा होता.

नोंद करावी की लपवावी?

जर्मन आरोग्य खात्याने ठरवून दिलेली पद्धत कागदावर शास्त्रशुद्ध दिसे. एखाद्या इमारतीत रुग्ण सापडला की ती इमारत बंद करायची, सर्व रहिवाशांना स्नानगृहात नेऊन आंघोळ घालायची, त्यांचे कपडे व अंथरुणे वाफेने निर्जंतुक करायची. वाफ हा पोलिश भाषेतला शब्द घेऊन लोक या प्रकाराला 'पारूफ्का' म्हणत. वाफेचा उपाय खोटा नाही. साधारण पंचावन्न अंशांच्या वरचे तापमान काही काळ टिकवले तर उवा आणि लिखा दोन्ही मरतात. घरीही गरम इस्त्री शिवणींवरून सावकाश फिरवली तरी बराच उपयोग होतो.

पण प्रत्यक्षात काय घडे? शेकडो माणसांना हाकत स्नानगृहाशी नेले जाई. तिथे ती तासन् तास दाटीवाटीने उभी राहत, आणि या रांगेतच उवा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात. वाफ पुरेशी नसे. परत मिळालेले कपडे आणि गाद्या बऱ्याचदा कामातून गेलेल्या असत. मागे रिकाम्या राहिलेल्या घरांत चोऱ्या होत. ज्यांच्याजवळ पैसे होते ते पथकाला लाच देऊन सुटत. गरिबाला सुटका नसे. हिर्शफेल्ड यांनी पुढे आपल्या आठवणींत या पद्धतीवर कठोर टीका केली आहे.

परिणाम असा झाला की घरात ताप आला की लोक तो लपवू लागले. डॉक्टर बोलावला तरी गुपचूप, आणि निदान 'फ्लू' किंवा दुसरे काही तरी. सरकारी वहीत टायफसचे रुग्ण वीस हजारांच्या आसपास दिसतात. प्रत्यक्षात लागण झालेले लाखाच्या घरात असावेत, असा त्या वेळच्या डॉक्टरांचाही अंदाज होता आणि नंतरच्या अभ्यासकांचाही आहे. म्हणजे पाचांतले चार रुग्ण वहीबाहेर. साथीशी लढणाऱ्याचा पहिला आधार म्हणजे रुग्ण कुठे आहे ही माहिती, आणि तीच या उपायाने नाहीशी केली. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या वेळी रँडच्या झडत्यांमुळे लोक रुग्ण माळ्यावर आणि मागच्या खोल्यांत दडवत, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. फरक एवढाच की पुण्यात अंमलबजावणी निर्दय असली तरी हेतू प्लेग थांबवण्याचा होता. वॉर्सात हेतूबद्दलच शंका घ्यायला भरपूर जागा होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये परवान्याशिवाय वस्तीबाहेर सापडलेल्या ज्यूला देहदंड, असा हुकूम निघाला आणि त्यालाही रोगप्रसाराचेच कारण जोडले गेले.

याच पोलंडात, रोझवाडूव या गावी, नोंदीचा अगदी उलटा उपयोग झाला. टायफसच्या निदानासाठी तेव्हा वाइल-फेलिक्स चाचणी करीत. १९१६ मध्ये असे आढळले होते की टायफसच्या रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडे प्रोटिअस नावाच्या भलत्याच जंतूच्या एका वाणाला गोळा करतात. हा जंतू टायफसचे कारण नाही. दोन्ही जंतूंच्या पृष्ठभागावरील काही रेणू सारखे आहेत, इतकेच. मातुलेविच आणि वाझोव्स्की या दोन पोलिश डॉक्टरांनी याचा फायदा घेतला. मेलेल्या प्रोटिअस जंतूंची सुई टोचली की निरोगी माणसाचे रक्तही चाचणीत टायफसचे ठरे. नमुने जर्मन प्रयोगशाळेकडे जात, तिथून 'टायफस' असा निकाल येई, आणि भागाला साथग्रस्त म्हणून घोषित करून जर्मन त्यापासून दूर राहत. तिथल्या लोकांना वेठबिगारीसाठी धरून नेणेही मग टळे. एकाच रोगाची नोंद एका गावाला वाचवत होती आणि दुसऱ्या ठिकाणी घर उद्ध्वस्त करीत होती.

आतून झालेले काम

जर्मनांच्या पद्धतीला समांतर असे बरेच काम वस्तीतल्या लोकांनी स्वतः चालवले होते. त्याची तीन-चार अंगे होती, आणि त्यांपैकी बहुतेकांना आपण सहजी 'वैद्यकीय' म्हणणार नाही.

जवळजवळ प्रत्येक मोठ्या इमारतीत रहिवाशांची समिती होती. अशा हजारावर समित्या झाल्या. वर्गणी काढणे, पोरक्या मुलांना जेवू घालणे, आवार आणि जिने स्वच्छ ठेवणे, कोणाकडे आजारी आहे यावर लक्ष ठेवणे, ही कामे त्या करीत. त्या शेजाऱ्यांच्याच असल्याने त्यांच्यापासून तापकरी लपवण्याचे कारण नव्हते. रुग्णाला घरातच वेगळे ठेवायचे, त्याच्या अंथरुणाशी इतरांनी जायचे नाही, हे घरोघर कळू लागले. ते कळावे म्हणून डॉक्टरांनी स्वच्छता आणि संसर्गजन्य रोग या विषयांवर शेकडो व्याख्याने दिली. काही व्याख्यानांना नऊशेपर्यंत माणसे जमत. दाटीने साथ पसरते त्या काळात दाटीने व्याख्यान ऐकावे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण लोक ऐकायला येत होते एवढे खरे.

याच काळात एक विलक्षण शाळा उभी राहिली. ज्यूंना उच्च शिक्षण बंद होते. युलिउश त्स्वाइबाउम या प्राध्यापकांनी 'साथनियंत्रणाचा अभ्यासक्रम' काढण्याची परवानगी जर्मनांकडून मिळवली, कारण साथीला तेही भीत होते. या नावाखाली मे १९४१ पासून संध्याकाळी प्रत्यक्षात वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली वर्षे शिकवली जात. सुमारे पाचशे विद्यार्थी शिकले. हिर्शफेल्ड तिथे शिकवत. मुले दिवसभर काम करून, उपाशीपोटी येत आणि शरीरशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र शिकत. रोगप्रतिबंध हा केवळ बहाणा होता असेही नव्हे. तोही तिथे शिकवलाच जात होता.

आणि सूप. १९४१ च्या उन्हाळ्यात सार्वजनिक स्वयंपाकघरांतून दिवसाला लाखाच्या घरात वाढपे जात होती. जर्मनांनाही त्या सुमारास वस्तीतल्या कारागिरांकडून फौजेसाठी काम करून घ्यायचे होते, त्यामुळे अन्नाची आवक किंचित सैल झाली. सूप पातळ होते, त्याने भूक भागत नव्हती. पण ज्याच्या पोटात रोज काही तरी जाते, तो आपला सदरा विकायचे आठवडाभर लांबणीवर टाकतो. माझ्या मते या साथीच्या कथेत सूपाचा हा भाग सर्वांत कमी दाद मिळालेला आहे. उवांविरुद्धचा उपाय म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही.

लस होती का? होती, पण मूठभरांपुरती. ल्वूव शहरात (आज ते युक्रेनमध्ये आहे, नाव ल्विव्ह) रुडॉल्फ वाइग्ल यांनी उवांच्या आतड्यापासून लस बनवली होती. रिकेट्सिया जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, म्हणून वाइग्ल यांनी उवेलाच भांडे केले. सूक्ष्म काचनळीने एकेका उवेला जंतू टोचायचे, लहान पिंजऱ्यांत शेकडो उवा ठेवून ते पिंजरे माणसांच्या पायांना बांधायचे, उवांना रक्त पिऊ द्यायचे, मग प्रत्येकीचे आतडे काढायचे. एका माणसाच्या लसीला सुमारे नव्वद ते शंभर उवा लागत. फौजेसाठी जर्मनांना ही लस हवी होती, म्हणून वाइग्ल यांच्या संस्थेचे ओळखपत्र म्हणजे अटकेपासून संरक्षण होते. त्यामुळे तिथे उवांना रक्त पाजणाऱ्यांत प्राध्यापक, विद्यार्थी, कवी असे सगळे होते. गणिताच्या शिक्षकांना सांगायला हवे की बनाख अवकाशाचे जनक स्टेफान बनाख हे त्यांपैकी एक. या लसीच्या काही कुप्या चोरून वॉर्साच्या वस्तीत पोहोचल्या, पण चार लाख माणसांची साथ तेवढ्याने थांबणे शक्य नव्हते.

डीडीटीची भुकटी १९४१ मध्ये वॉर्साला उपलब्ध नव्हती. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात दोस्तांच्या फौजांनी दहा लाखांहून अधिक लोकांच्या कपड्यांत ती फवारून टायफसची साथ भर थंडीत थोपवली. मात्र काही वर्षांतच, कोरियाच्या युद्धात, उवा तिला दाद देईनाशा झाल्या.

फळ्यावर करता येईल असे गणित

वॉर्साची साथ आपोआपच संपली असेल, असे म्हणता येईल का? साथ कधी संपते? एका रुग्णापासून सरासरी किती नव्या माणसांना लागण होते, तो आकडा 'र' मानू. र दोन असेल तर एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. मात्र ही वाढ सगळे लोक रोगाला बळी पडण्याजोगे आहेत तोवरच. टायफस होऊन वाचलेल्याला पुन्हा सहसा तो होत नाही. लोकसंख्येचा निम्मा भाग बाधित होऊन गेला की त्या दोघांपैकी एक जण आधीच सुरक्षित असतो, एकाचा एकच नवा रुग्ण होतो आणि साथ वाढायची थांबते.

आता वस्तीचे आकडे घाला. लोकसंख्या सुमारे साडेचार लाख, ऑक्टोबर १९४१ पर्यंत लागण झालेले साधारण एक लाख ते सव्वा लाख, म्हणजे जवळपास एक-चतुर्थांश. तीन-चतुर्थांश लोक अजून बळी पडण्याजोगे होते. अशा स्थितीत साथ आपण होऊन उतरायची तर र गुणिले तीन-चतुर्थांश हे एकापेक्षा कमी हवे, म्हणजे र एक पूर्णांक एक-तृतीयांशाहून कमी हवा. तो इतका लहान असता तर उन्हाळ्यात, टायफसच्या मंदीच्या काळात, साथ इतक्या वेगाने वाढली नसती. आणि थंडीत तर र वाढतो. तेव्हा कोणी तरी तो खाली खेचला.

हाच विचार पुष्कळ अधिक बारकाईने लेवी स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडला. शिधापत्रिकांच्या नोंदी, मृत्यूच्या नोंदी आणि रोग्यांची आकडेवारी गणिती प्रतिकृतीत घालून त्यांनी दाखवले की साथ तशीच चालू राहिली असती तर हिवाळ्यात ती कितीतरी मोठी झाली असती. लाखाहून अधिक माणसांची लागण टळली. हवामान, विषाणुबदल वगैरेंऐवजी (टायफसचा जंतू विषाणू नाहीच) लोकांच्या वागणुकीतला बदल हेच त्यांना सर्वांत पटण्याजोगे कारण वाटते.

या निष्कर्षावर दोन आक्षेप घेता येतात. पोलंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतरही टायफसच्या मोठ्या साथी झाल्या होत्या, त्यामुळे प्रौढांपैकी काही जण आधीपासूनच सुरक्षित असणार. शिवाय वस्ती एकजिनसी नव्हती. निर्वासितांच्या निवाऱ्यांत जवळपास सगळे बाधित होऊन गेले आणि सुस्थितीतील घरांत थोडेच, असे असेल, तर निवाऱ्यांपुरती साथ खरोखरच आपली आपण जळून गेली असेल. हे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. मला वाटते त्यांनी उतरंडीचा काही भाग समजतो, पण ऐन थंडीत संपूर्ण वस्तीत एकाच वेळी झालेली घसरण समजत नाही. नेमक्या कोणत्या उपायाचा वाटा किती, हे मात्र आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. वर्गात चर्चेला देण्यासारखा हा प्रश्न आहे : सूप, व्याख्यान, समिती आणि घरातले विलगीकरण, यांपैकी एकच ठेवता आले असते तर कोणते ठेवायचे?

टायफस आज प्रतिजैविकाने बरा होतो; डॉक्सिसायक्लिनची एक मात्राही पुरते. तरी १९९७ मध्ये यादवीने पोळलेल्या बुरुंडीच्या निर्वासित छावण्यांत त्याची हजारोंना लागण झाली. तिथेही थंड डोंगराळ हवा, एकच कपडा आणि गर्दी होती.

वॉर्सात टायफस उतरला, माणसे मात्र वाचली नाहीत. २२ जुलै १९४२ पासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारे २ लाख ६५ हजार लोकांना रेल्वेने ट्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आले. हिर्शफेल्ड भिंतीबाहेर निसटले, खेड्यांत लपून राहिले, त्यांची एकुलती मुलगी १९४३ मध्ये वारली. युद्धानंतर त्यांनी व्रोत्सवाफ येथे पुन्हा प्रयोगशाळा उभारली. वस्तीच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. इझ्राएल मिलेइकोव्स्की यांनी फेब्रुवारी १९४२ पासून अठ्ठावीस डॉक्टरांना हाताशी धरून आणखी एक काम चालवले होते : उपासमारीने शरीरात काय काय बदल होतात याचा पद्धतशीर अभ्यास. तपासणारेही उपाशीच होते. रेल्वेगाड्या सुरू झाल्यावर प्रयोगशाळा बंद पडली, पण उरलेली टिपणे त्यांनी नीट लावली आणि हस्तलिखित भिंतीबाहेर वॉर्सा विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांकडे पोहोचवले. ते १९४६ साली छापून निघाले, तेव्हा त्याचे बहुतेक लेखक हयात नव्हते.